कात टाकून झाली, आता हे हॉर्मोन करतं काय? (प्रौढ कीटकांमधलं एक्डायसोन)

किडुकमिडुक

गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात एका मुलीने मला गप्प केलं. म्हणजे तेव्हा नाही, घरी आल्यावर.

फळ्यावर नेहमीचं चित्र होतं. अळी, कोष, फुलपाखरू, आणि बाजूला दोन बाण: एक ज्युवेनाइल हॉर्मोनचा (अळीला अळीच ठेवणारं), एक एक्डायसोनचा. दरवर्षी सांगते तेच सांगितलं. एक्डायसोन हे कात टाकायला लावणारं संप्रेरक, ते अळीच्या छातीतल्या ग्रंथीतून येतं, आणि कीटक प्रौढ झाला की ती ग्रंथी विरून जाते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग फुलपाखराच्या अंगात ते नसतंच का?" मी म्हटलं, "नसतं. कामच संपलं ना." घंटा झाली. रात्री कुकर लावताना वाटलं, हे आपण कधी तपासलंय? तपासलं. बावीस वर्षं मी चुकीचं उत्तर तयार ठेवून बसले होते, कुणी विचारलं नाही म्हणून वाचले.

ग्रंथी जाते हे खरं. हॉर्मोन जात नाही. ते दुसऱ्या घरी राहायला जातं.

आधी थोडी ओळख. एक्डायसोन हे स्टेरॉइड आहे, म्हणजे आपल्या इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं, कोलेस्टेरॉलपासून बनणारं. जर्मनीत बुटेनांड्ट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोषस्थ किडे लागले आणि हातात आले २५ मिलिग्रॅम स्फटिक. चिमूटसुद्धा नाही. शरीरात खरं काम करणारं रूप म्हणजे त्याला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडून झालेलं २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन. पुढे त्याला मी नुसतं '२०ई' म्हणेन, नाहीतर बोटं दुखतील.

आता डास घ्या, कारण सगळ्यांच्या ओळखीचा. डेंग्यूवाली एडिस इजिप्ती. मादी कोषातून बाहेर येते तेव्हा तिच्या अंड्यांमध्ये बलक नसतो. पहिले दोन-तीन दिवस ज्युवेनाइल हॉर्मोन तिचं शरीर तयार करतं, जमीन नांगरून ठेवावी तसं. पण पेरणी होत नाही, ती रक्ताची वाट बघत असते. रक्त पोटात गेलं की मेंदूतून एक प्रथिन-संप्रेरक सुटतं, ते अंडाशयाला जागं करतं, आणि अंडाशय एक्डायसोन बनवायला लागतो. ते रक्तातून मेदपिंडात जातं. मेदपिंड म्हणजे कीटकाचं यकृत आणि चरबीची कोठी एकत्र. तिथे त्याचं २०ई होतं आणि मेदपिंड बलकाचं प्रथिन धडाधड ओतू लागतो. २०ईची पातळी साधारण १८ ते २४ तासांत टोकाला पोचते, दीड दिवसात कारखाना बंद, आणि तिसऱ्या दिवशी शंभरेक अंडी तयार.

अंडाशय हा स्टेरॉइडचा स्रोत आहे हे हॅगेडॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याच डासात दाखवलं. म्हणजे मी जन्मायच्याही आधी. आणि मी अजून "कामच संपलं ना" म्हणतेय.

मला एवढंच कळलंय. फळमाशी आणि मुंग्यांवरही बरंच काम दिसतंय, जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरा.

---

वरणफळ

वाचतेय. चावल्यापासून तिसऱ्या दिवशी अंडी! म्हणजे सोमवारी मला चावलेली बया गुरुवारी माझ्याच बादलीत बाळंत.

---

किडुकमिडुक

बादलीतच, पण पाण्यात नाही. एडिस अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसती बादली उपडी करू नका, काथ्याने घासा.

---

रात्रपाळी

बाळबोध शंका. हे स्टेरॉइड म्हणजे जिममधली पोरं घेतात तेच का? आमच्या जिमच्या काउंटरवर एका डब्यावर 'एक्डिस्टेरॉन' लिहिलंय, वर पालकाच्या पानाचं चित्र.

---

किडुकमिडुक

ते हेच, २०ई! पालकात ते खरंच असतं. अनेक वनस्पती ते बनवतात, बहुधा पान खाणाऱ्या किड्याचं गणित बिघडवण्यासाठी. जपानच्या नाकानिशींनी १९६६ मध्ये एका वृक्षाच्या पानांतून या कुळातलं रसायन काढलं आणि किड्यात मिलिग्रॅमसाठी ५०० किलो लागायचे ते झाडात सहज सापडायला लागलं.

माणसात या हॉर्मोनचा ग्राहीच (त्याला पकडून पेशीला संदेश देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे ते टेस्टोस्टेरॉनसारखं चालत नाही. तरी खेळाडू घेतात म्हणून वाडा या उत्तेजकविरोधी संस्थेने २०२० पासून त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. बंदी नव्हे, नजर. डब्यात किती हॉर्मोन आणि किती पालकाचं चित्र ते तुमच्या काउंटरवाल्याला विचारा.

एक गंमत राहिली. कीटकांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवताच येत नाही. आपलं यकृत नको तेवढं बनवतं, त्यांना मात्र ते अन्नातूनच मिळवावं लागतं. पानं खाणारे वनस्पतींच्या स्टेरॉलचं रूपांतर करून घेतात. मधमाशीला परागातलं स्टेरॉल वेगळ्या धाटणीचं मिळतं, म्हणून तिचं मुख्य हॉर्मोनसुद्धा जरा वेगळं, एका कार्बनने मोठं. खाल तसे व्हाल याचं इतकं शब्दशः उदाहरण दुसरं नसेल.

---

प्रयोगवही

फळमाशीवर मी लिहितो, भाकरी त्यावरच चालते. आधी खुलासा: ही आंब्यात अंडी घालणारी शेतकऱ्यांची फळमाशी नव्हे. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावतात ती लाल डोळ्यांची चिलटं, ड्रोसोफिला.

नराला एका अशा मादीबरोबर ठेवतात जिचं मीलन आधीच झालंय. ती त्याला उभं करत नाही. तो पंख हलवून गातो, मागे मागे जातो, ती लाथाडते. असं सात तास. त्यानंतर त्याला दुसरी मादी दिली तरी तो फारसा पुढे होत नाही, आणि हे तो काही दिवस लक्षात ठेवतो. तासभरच नकार मिळाला तर थोड्या वेळात विसरतो. म्हणजे अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन वेगळ्या स्मृती.

इशिमोतो, साकाई आणि कितामोतो यांनी २००९ मध्ये दाखवलं की या शिकवणीनंतर माशीच्या शरीरात २०ई वाढतं. हॉर्मोन कमी बनवणारा एक उत्परिवर्ती वाण आहे, त्यातल्या नरांची अल्पकालीन स्मृती शाबूत, दीर्घकालीन गायब. आणि साध्या नरांना शिकवणीच्या आसपास वरून २०ई दिलं तर आठवण पक्की होते. मेंदूतल्या ज्या भागात हे घडतं त्याला मशरूम बॉडी म्हणतात, कीटकांच्या शिकण्याचं ते मुख्य ठाणं.

पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच दोघांनी झोपेवर काम केलं. २०ई दिलं की माशी जास्त झोपते, जितकं जास्त तितकी जास्त. जागवून ठेवलं की हॉर्मोन वाढतं.

आणखी एक, माझ्या आवडीचं. मीलन झालेल्या मादीचं आतडं मोठं होतं. अंडाशयातलं एक्डायसोन आतड्यातल्या मूलपेशींना विभागायला लावतं, म्हणजे जास्त अन्न पचतं, जास्त अंडी होतात. हे २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्याची किंमतही त्याच लेखात आहे: म्हातारपणी माद्यांच्या आतड्यात गाठी होण्याची शक्यता यामुळेच वाढते. उलट बाजूने, एक्डायसोनच्या ग्राहीचं एक जनुक अर्धवट निकामी असलेल्या माश्या जास्त जगतात, उपासमार आणि उष्णताही जास्त सोसतात. ते जनुकशास्त्रज्ञ बेंझर यांच्या प्रयोगशाळेतलं २००३ चं काम.

---

शुक्रवारचा_फुटाणा

सात तास नकार खाल्ल्यावर शहाणपण येणारं हॉर्मोन. आमच्या हॉस्टेलात पालक रोज असायचा, उपयोग शून्य.

---

शंकासुर

धागा चांगला आहे, पण एक खडा टाकतो. "हॉर्मोन वाढलं आणि वर्तन बदललं" यावरून हॉर्मोनने वर्तन बदललं असं कसं म्हणता? पाऊस पडला की छत्र्या उघडतात, छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. आणि स्टेरॉइड तर जनुकं चालू-बंद करून काम करतात असं आम्ही शिकलो. त्याला तास लागतात. झोप, मीलन, गंध या गोष्टी सेकंदा-मिनिटांच्या. कसं जुळायचं?

---

प्रयोगवही

दोन्ही खडे बरोबर जागी पडले.

पहिला. म्हणून तर नुसती पातळी मोजून कुणी थांबत नाही. हॉर्मोन काढून घ्यायचं, वर्तन जातं का बघायचं. परत द्यायचं, येतं का बघायचं. वर लिहिलेल्या स्मृतीच्या प्रयोगात दोन्ही बाजू आहेत. छत्र्या जप्त करूनही पाऊस पडतोच, पण इथे हॉर्मोन जप्त केलं की आठवण राहत नाही.

दुसरा जास्त मजेचा. जनुकं चालू करण्याचा रस्ता आहेच. किंबहुना स्टेरॉइड थेट जनुकांवर काम करतात याचा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा कीटकांतच मिळाला. १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी चिलटासारख्या कायरोनोमसच्या अळीत एक्डायसोन टोचलं आणि तिच्या जाडजूड गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगे उठले. फुगा म्हणजे तिथलं जनुक उघडलं. ग्राहीचं जनुक हाती यायला मात्र १९९१ उजाडलं.

पण पेशीच्या आवरणावर आणखी एक ग्राही आहे, डोपएकआर. नावातच गोम: हा डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनालाही प्रतिसाद देतो आणि एक्डायसोनलाही. जनुकांपर्यंत न जाता आतल्या आत झटपट संदेश देतो. एका पतंगाच्या नरात हा ग्राही दाबला तर मादीच्या वासाला तो नीट प्रतिसाद देत नाही. म्हणजे संथ रस्ता आणि जलद रस्ता, दोन्ही एकाच हॉर्मोनचे.

आणि हो, स्टेरॉइड पेशीत आपोआप झिरपतात हेही आपण सगळे शिकलो ना? माशीत २०१८ मध्ये दिसलं की एक्डायसोनला आत शिरायला दारवान लागतो, एक वाहक प्रथिन. ते काढलं तर हॉर्मोन बाहेर ताटकळत राहतं.

---

शंकासुर

पहिल्या मुद्द्यावर शस्त्र खाली ठेवतो. दारवानाचं मात्र नवीनच. मी एमएस्सीच्या पेपरात 'आपोआप झिरपतात' लिहून पूर्ण मार्क घेतलेत.

---

आंबोलीकर

किडुकमिडुकताई, तुम्ही मादीचंच सांगितलंत. संध्याकाळी गोठ्याबाहेर डोक्यावर डासांचा घुमटा उठतो तो नरांचा म्हणे. त्या बिचाऱ्यांकडे हे हॉर्मोन नसतं का?

---

किडुकमिडुक

असतं, आणि काय वापर करतात! हे वाचून मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

हे आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासाचं, ॲनाफिलिस गांबियाचं. त्याचा नर आपल्या जननग्रंथीत भरपूर २०ई बनवतो आणि मीलनाच्या वेळी घट्ट जेलीसारख्या बुचातून मादीच्या शरीरात सोडतो. त्यानंतर ती दुसऱ्या नराला जवळ करत नाही, बहुतेक माद्या आयुष्यात एकदाच. शिवाय अंडी वाढायला आणि घालायला त्याची मदत होते. आफ्रिकेतल्या डासांवरचं हे काम कॅटेरुचिया यांच्या गटाने इटली आणि हार्वर्डमध्ये केलं.

पण इथे गोची होती. मादी रक्त प्यायल्यावर स्वतःही २०ई बनवते. मग कुमारिका मादी नुसतं रक्त प्यायली तरी तिचं दार बंद व्हायला हवं. होत नाही! २०२२ मध्ये त्याच गटाने उलगडा केला. नर देतो ते नेमकं २०ई नाहीच, त्याचं एक ऑक्सिडीकृत रूप आहे, फक्त नरांत बनणारं. दार ते बंद करतं. मादीचं स्वतःचं २०ई तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) फॉस्फेटचं कुलूप लावून थोपवतं. नराचं हॉर्मोनही असं कुलूपबंदच येतं, पण ते उघडणारं दुसरं विकर आहे. मीलन झालेल्या मादीत ते थोपवणारं विकर मागे सरलं की तिच्या २०ईला अंडी घालायची परवानगी मिळते.

कीटकांत नराचं असं खास लैंगिक स्टेरॉइड नसतंच, अशी समजूत होती. पुरुषांना टेस्टोस्टेरॉन, बायकांना इस्ट्रोजेन, कीटकांना दोघांत मिळून एक. ती गेली.

---

आंबोलीकर

म्हणजे आमच्या गोठ्यातले पण हेच करतात?

---

प्रयोगवही

सगळे डास एका माळेचे मणी नाहीत, ते आधी सांगायला हवं होतं. एडिसचा नर हे करत नाही, तो मादीला ज्युवेनाइल हॉर्मोन देतो. अमेरिका खंडातला ॲनाफिलिस अल्बिमानस तर ना बूच देतो ना २०ई. तुमच्या गोठ्यावरचा घुमटा कुठल्या जातीचा ते बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

---

रात्रपाळी

मग हेच हॉर्मोन फवारून डासांची पैदास बंद करता येईल की. कुलूप कायमचं लावून टाकायचं.

---

प्रयोगवही

शेतीत हे फार आधीपासून आहे. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सीफेनोझाइड ही एक्डायसोनची नक्कल करणारी कीटकनाशकं, स्टेरॉइड नसूनही त्याच ग्राहीला चिकटतात. सुरवंटाला वाटतं कात टाकायची वेळ झाली, तो खाणं सोडतो आणि अर्धवट कातीत अडकून मरतो. टेब्युफेनोझाइडला अमेरिकेत १९९८ चा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार होता, कारण बाकी जीवांना त्याचा त्रास कमी.

प्रौढ डासावर तेच वापरून पाहिलं २०१६ मध्ये. मेथॉक्सीफेनोझाइड ॲनाफिलिस मादीच्या अंगावर लावलं, अंडी घटली, आयुष्य घटलं, मीलनही बिघडलं, आणि पोटातला मलेरियाचा परजीवी वाढेना.

पण इथेच पाय जपून टाकायचा. हॉर्मोनचा अतिरेक वेगळा आणि हॉर्मोन काढून घेणं वेगळं. २०१९ मध्ये त्याच गटाने ॲनाफिलिसमध्ये २०ईचं काम मंदावून पाहिलं. अंडी कमी झाली, बरोबर. पण परजीवी उलट लवकर वाढला. अंड्यांसाठी जमवलेली चरबी शिल्लक राहिली, ती त्याने खाल्ली. म्हणजे कुलूप चुकीच्या दाराला लागलं तर डास वांझ आणि मलेरिया तेजीत.

---

वारूळ

मुंग्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन झालो.

दक्षिण भारतात एक उडी मारणारी मुंगी आहे, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर. मोठे डोळे, चिमट्यासारखे लांब जबडे, झेप घेऊन शिकार पकडते. हिची राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींना झोडपायला लागतात. ही जुंपलेली स्पर्धा आठवडेच्या आठवडे चालते. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालायला लागतात, त्यांना गॅमरगेट म्हणतात. त्यांचा अंडाशय वाढतो आणि मेंदू जवळजवळ पाव भागाने आकसतो. शिकार करायची नाही, मग डोकं कशाला पोसायचं! कामकरी सात महिने जगते, तीच गॅमरगेट झाली तर चार वर्षं. आणि तिला वेगळं ठेवून परत कामाला लावलं तर मेंदू पुन्हा वाढतो.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला दिसलं की कामकरीत ज्युवेनाइल हॉर्मोन वरचढ असतं आणि गॅमरगेटमध्ये २०ई. मेंदूच्या पेशी काढून बशीत वाढवल्या आणि एकेक हॉर्मोन घातलं, तर पेशी त्या त्या भूमिकेची जनुकं उघडू लागल्या. केआर-एच१ नावाचं एक प्रथिन दोन्हीकडे पहारा देतं, कामकरीने राणीसारखं वागू नये आणि राणीने कामकरीसारखं.

सगळ्या वसाहतींना हेच लागू करू नका मात्र. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेली गांधीलमाशी, रोपॅलिडिया मार्जिनाटा, तिच्यात अंडाशयाची वाढ ज्युवेनाइल हॉर्मोन दिल्याने वेगात होते. मुंगीत नेमका उलट पक्ष. तेच दोन हॉर्मोन, पण कुठे कोण कुणाचा वकील हे जातीजातीत बदलतं.

---

वरणफळ

मेंदू पाव भाग कमी आणि आयुष्य चार वर्षं. सासूबाईंना वाचून दाखवत नाही.

---

तुतीवाला

बीड जिल्ह्यातून. दोन एकर तुती आहे, वर्षाला सहा-सात बॅच घेतो. तुमचं हे २०ई आमच्याकडे पुडीत येतं, झाडापासून काढलेलं. अळीच्या पाचव्या, शेवटच्या अवस्थेच्या अखेरीस थोड्या अळ्या पिकल्या, म्हणजे कोष विणायला तयार झाल्या, की औषध पाण्यात कालवून पाल्यावर फवारायचं आणि शेवटचा पाला टाकायचा. मग सगळ्या अळ्या एकदम चंद्रिकेवर, कोष विणायच्या जाळीवर, चढतात. नाहीतर तीन दिवस पिकलेल्या अळ्या वेचत बसायचं, मजूर कुठून आणायचे. पण हे अळीचं झालं. माझा प्रश्न पतंगाचा. आमचा पतंग बाहेर आल्यावर काही खात नाही, पीत नाही, जोडी लागली की अंडी घालतो आणि मरतो. डासासारखं रक्ताचं निमित्त नाही. मग त्याच्यात हे हॉर्मोन कुठे?

---

किडुकमिडुक

हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीच्या तोडीचा आहे.

रेशमाच्या पतंगाला बाहेर येऊन खायचंच नाही, म्हणून तो अंड्यांचं काम कोषातच उरकतो. अंडाशय तिथेच स्टेरॉइड बनवतो आणि मोठा भाग अंड्यांत भरून ठेवतो, पण फॉस्फेटचं कुलूप लावून. मघाशी डासात आलं तेच कुलूप. आत भ्रूण वाढायला लागला की किल्लीचं विकर ते उघडतं आणि हॉर्मोन मोकळं होतं. जी अंडी झोपी जातात, तुमची शीतगृहात ठेवायची बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीची), त्यांच्यात ही किल्ली तयारच होत नाही, म्हणून हॉर्मोन कुलपात आणि अंडं झोपेत.

---

तुतीवाला

म्हणजे अंडीपुंजातलं एकेक अंडं आईची शिदोरी बांधून येतं. ग्रेनेजमध्ये, म्हणजे अंडीपुंज तयार करतात त्या केंद्रात, आम्लाचं पाणी देऊन अंडी उठवतात ते बघितलंय, आत कुलूप आहे हे नव्हतं ठाऊक. बरं, बाकी उद्या. अळ्या दुपारपासून दुसऱ्या मोल्टला (कात टाकायला) बसल्यात, पहाटे उठतील, पाला तोडून ठेवायचाय.